स्टॅट येतं, थोडं कोडिंगही येतं. मग अडतंय कुठे?

नागपूरची एक वाचक बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. विषय गणित, सांख्यिकी आणि संगणकशास्त्र. सांख्यिकीत गुण चांगले आहेत, पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा ती हौसेनं स्वतः शिकली, सांख्यिकीसाठी वापरतात ती आर भाषा कॉलेजच्या प्रॅक्टिकलपुरती येते, डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा एसक्यूएल जेमतेम. वडिलांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली आहेत, धाकटा भाऊ बारावीत आहे. मामा म्हणतात, "स्टॅटमध्ये काय ठेवलं आहे? सरळ एमसीए कर." वर्गातल्या दोघी-तिघी एका खासगी क्लासमध्ये डेटा सायन्सचा कोर्स करून राहिल्या आहेत. फी १ लाख ८० हजार, वर 'शंभर टक्के प्लेसमेंट'ची जाहिरात. वडील त्यासाठी पीएफमधून पैसे काढायला तयार आहेत आणि क्लासवाले या पंधरवड्यात प्रवेश नक्की करा म्हणून मागे लागले आहेत. मधे एका कंपनीच्या कॅम्पस मुलाखतीत ती कोडिंगच्या फेरीतच बाद झाली. ती लिहिते, "इंजिनिअरिंगच्या मुलांपुढे माझं कोडिंग कच्चं आणि एम.एस्सी. झालेल्यांपुढे माझं स्टॅट कच्चं. मी ना धड इकडची, ना धड तिकडची. त्यात आता कोड एआयच लिहून देतं. नागपूर सोडल्याशिवाय काही होत नाही असंही सगळे सांगतात. मी नेमकं काय करू?"

प्रिय मैत्रिणी,

आधी पैशाचं बोलते, कारण ती घाई तुझ्या उंबरठ्याशी येऊन उभी आहे. वडिलांच्या पीएफला हात लावून हा कोर्स करू नकोस. कोर्स वाईटच असेल असं माझं म्हणणं नाही, मी तो पाहिलेला नाही. पण ज्यासाठी एवढी रक्कम मोजायची त्यातला बराच भाग तू पदवीला शिकलेलीच आहेस आणि उरलेला फुकट मिळतो. प्रोबॅबिलिटी, एस्टिमेशन, टेस्टिंग, रिग्रेशन हे सगळं अशा कोर्समध्ये काही आठवड्यांत उरकावं लागतं, तू त्यावर वर्षं घातली आहेस. आर आणि पायथॉन दोन्ही मोफत आहेत. एनपीटीईएल आणि 'स्वयम्'वर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं मोफत ऐकता येतात, प्रमाणपत्र हवं असेल तर परीक्षेची फी तेवढी भरावी लागते.

एवढं करूनही मन त्या कोर्सकडे ओढ घेत असेल, तर 'प्लेसमेंट' म्हणजे काय ते लेखी माग. कुठल्या पदाची नोकरी, किती पगाराची, मिळाली नाही तर पैसे परत की नुसती आणखी एक मुलाखत? मागच्या तुकडीतल्या चार-पाच जणांशी क्लासच्या बाहेर, निवांत बोल. आणि 'सोपे हप्ते' असं कुणी म्हटलं तर ते कर्ज आहे हे लक्षात ठेव. ते बहुधा एखाद्या वित्तसंस्थेचं असतं आणि क्लास अर्ध्यात सोडला तरी हप्ते सुटत नाहीत. पंधरा दिवसांत ठरवा म्हणून जे मागे लागतात त्यांना पंधरा दिवसांनीही तुझा प्रवेश हवाच असतो.

आता तुझ्या मुख्य दुखण्याकडे येते. 'ना धड इकडची, ना धड तिकडची' हे वाक्य तू कुणाशी तुलना करून लिहिलंस ते बघ. कोडिंगची तुलना संगणक अभियंत्यांशी केलीस, स्टॅटची तुझ्यापेक्षा दोन वर्षं पुढे असलेल्यांशी. दोन्हीकडे सर्वांत भक्कम माणूस निवडलास. ज्या नोकऱ्यांत डेटा हाताळायचा आणि त्यातून अर्थ काढायचा असतो, तिथे ही दोन्ही कामं एकाच माणसाला करावी लागतात, आणि दोन्ही बऱ्यापैकी येणारी माणसं कमीच सापडतात.

मुलाखतीचंच घे. तू बाद झालीस ती बहुधा लिंक्ड लिस्ट, ट्री, रिकर्शन अशा प्रश्नांवर. ती सॉफ्टवेअर बनवणाऱ्याची परीक्षा आहे. कंपन्या कॅम्पसवर येतात तेव्हा सगळ्यांना एकाच चाळणीतून काढतात, त्यामुळे ती परीक्षा तुझ्याही वाट्याला आली. त्या कामाची तुला आवड असेल तर तयारी कर आणि पुन्हा बस. नसेल, तर त्या निकालावरून स्वतःची किंमत ठरवू नकोस.

स्टॅट शिकलेल्या माणसाकडे नेमकं काय असतं, हे मामांना पटवायच्या आधी तुला पटायला हवं. तीन उदाहरणं देते.

नागपूरच्या कळमना बाजारातल्या संत्र्याच्या भावाची सरासरी काढायची आहे असं धर. एका दिवशी १०० क्विंटल आवक, भाव ३,००० रुपये. दुसऱ्या दिवशी ९०० क्विंटल, भाव २,००० रुपये. (हे आकडे मी हिशेबासाठी घेतले आहेत.) दोन भावांची साधी सरासरी २,५०० येते. पण शेतकऱ्यांच्या हाती क्विंटलमागे सरासरी पडले २,१०० रुपये, कारण बहुतेक माल दुसऱ्या दिवशी विकला गेला. कोड दोन्ही सरासरींचा एकेका ओळीचाच असतो. कुठली घ्यायची हे ज्याला कळतं त्याचा रिपोर्ट कामाचा. आणखी थोडं खोल जा. संत्र्याला आंबिया आणि मृग असे दोन बहार, एकाची तोड हिवाळ्याच्या तोंडाशी, दुसऱ्याची उन्हाळ्याच्या तोंडाशी. वर्षभराचे भाव एकत्र ओतून रिग्रेशन लावलं, म्हणजे एका आकड्यावरून दुसऱ्याचा अंदाज बांधणारं सूत्र बसवलं, की दोन वेगळ्या मालांची खिचडी होते. हे काटोल-नरखेडच्या संत्रापट्ट्यातल्या मुलीला घरबसल्या ठाऊक असतं, बाहेरच्या शहरातल्या हुशार प्रोग्रॅमरला ते सांगावं लागतं.

दुसरं उदाहरण सरकारी सर्वेक्षणांचं. रोजगाराची माहिती देणारं पीएलएफएस हे सर्वेक्षण २०१७ पासून चालू आहे आणि त्याचा कुटुंबवार, व्यक्तिवार डेटा सांख्यिकी मंत्रालय मोफत देतं. ती फाइल पायथॉनमध्ये उघडून सरळ टक्केवारी काढली तर उत्तर चुकतं. नमुना स्तरांमध्ये विभागून घेतलेला असतो, म्हणून प्रत्येक नोंदीला एक भार असतो, म्हणजे ती नोंद किती जणांच्या वतीनं धरायची तो आकडा, त्याला तिथे मल्टिप्लायर म्हणतात. तो वापरल्याशिवाय ती टक्केवारी लोकसंख्येची होत नाही, फक्त नमुन्यातल्या माणसांची राहते. स्ट्रॅटिफाइड सॅम्पलिंगचा जो धडा तू परीक्षेपुरता पाठ केला असशील, तो इथे कामाला येतो.

तिसरं विदर्भातल्या कुणालाही जवळचं. पंतप्रधान पीक विमा योजना २०१६ मध्ये आली. कापूस-सोयाबीनच्या उत्पादनात किती घट झाली हे ठरवताना पीक कापणी प्रयोगांचा आधार घेतला जातो. यादृच्छिक पद्धतीनं शेत निवडायचं, त्यात ठरावीक मापाचा तुकडा आखायचा, तेवढ्यातलंच पीक कापून तोलायचं आणि त्यावरून महसूल मंडळाचं उत्पादन काढायचं. या प्रकारच्या नमुना पाहणीचा पाया आपल्या देशात घालणाऱ्यांत पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे मोठं नाव. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. १९४० च्या दशकात त्यांनी कृषी संशोधन परिषदेत हे काम उभं केलं आणि पुढे ते रोमला जागतिक अन्न व कृषी संघटनेत गेले. शेत निवडताना कुणी सोयीनं रस्त्याकडेचं घेतलं, तर शेकडो घरांच्या भरपाईचा हिशेब बिघडू शकतो. 'स्टॅटमध्ये काय ठेवलं आहे' या प्रश्नाला मला यापेक्षा चांगलं उत्तर माहीत नाही.

एआयबद्दलची तुझी भीती मी उडवून लावणार नाही. ठरलेल्या साच्याचे रिपोर्ट बनवणं, पाठ्यपुस्तकातला कोड लिहिणं, यावर पहिली नोकरी मिळवणं कठीण होत जाईल असं मलाही वाटतं. पण वरच्या तिन्ही उदाहरणांत अडचण कोड लिहिण्याची नव्हतीच. एआय तुला मल्टिप्लायर न वापरता सुबक कोड लिहून देईल आणि चुकीचं उत्तर मोठ्या आत्मविश्वासानं मांडेल. ते चुकीचं आहे हे ओळखणारा माणूस लागतो. तू ते साधन जरूर वापर, पण प्रत्येक ओळ का आहे हे तुला सांगता आलं पाहिजे. मुलाखत घेणारे आता नेमकं तेच विचारतात.

प्रोग्रॅमिंग किती लागतं? तुला वाटतं त्यापेक्षा कमी, पण जे लागतं ते पक्कं. फाइल वाचणं, घाण साफ करणं, दोन तक्ते जोडणं, गट पाडून बेरजा काढणं, आलेख काढणं, आणि हे सगळं अशा रीतीनं लिहिणं की सहा महिन्यांनी दुसऱ्या कुणी चालवलं तरी तेच उत्तर येईल. तुझी खरी कच्ची बाजू एसक्यूएल आहे. नोकरीत डेटा सहसा फाइलमध्ये आयता मिळत नाही, तो डेटाबेसमधून काढावा लागतो. एसक्यूएलमधले जॉइन, ग्रुप बाय आणि विंडो फंक्शन्स रोज तासभर केलेस तर दोन-तीन महिन्यांत हात बसेल. एक्सेलला कमी लेखू नकोस, पिव्होट टेबल सफाईनं न येणारी पदवीधर मुलं मी पुष्कळ पाहिली आहेत. आर की पायथॉन या वादात पडू नकोस. औषधांच्या चाचण्या, संशोधन, ॲक्च्युअरी म्हणजे विम्याची आकडेमोड, इकडे आर जास्त चालतं, आयटी कंपन्यांत पायथॉन. तुला दोन्हींची ओळख आहे, पायथॉन पक्कं कर आणि आर सोडू नकोस.

आता वाटा. माझा कल उघडच सांगते: तू सांख्यिकीत एम.एस्सी. करावंस. पदवीपर्यंत सूत्रं कळतात, ती का आणि कधी मोडतात हे पुढच्या दोन वर्षांत कळतं, आणि चांगल्या विश्लेषकाच्या बऱ्याच जागांना पदव्युत्तर पदवी मागतात. आयआयटीच्या प्रवेशासाठी जॅम परीक्षेत मॅथेमॅटिकल स्टॅटिस्टिक्स हा स्वतंत्र पेपर असतो. परीक्षा फेब्रुवारीत होते आणि अर्ज त्याआधीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, म्हणजे तारीख डोळ्यांत तेल घालून बघ. शेवटच्या वर्षाला असतानाही बसता येतं. कॅल्क्युलस आणि लिनिअर अल्जिब्रा त्यात भरपूर विचारतात, मुलं तिथेच मार खातात. भारतीय सांख्यिकी संस्था, म्हणजे प्रशांतचंद्र महालनोबिसांनी १९३१ मध्ये कोलकात्यात काढलेली आयएसआय, हिची प्रवेश परीक्षा अवघड आहे. पण तिथे एम.स्टॅट.ला शिकवणी फी नाही, उलट विद्यार्थ्याला दरमहा विद्यावेतन मिळतं. घरची परिस्थिती बघता या परीक्षेला तू बसायलाच हवं. मुंबईत देवनारला लोकसंख्या विज्ञान संस्था आहे, तिथला जैवसांख्यिकी आणि लोकसंख्याशास्त्राचा एम.एस्सी. अभ्यासक्रम आरोग्य क्षेत्रात जायचं असेल तर फार उपयोगी. यांतलं काहीच जमलं नाही तर पुणे, मुंबई, आणि आपल्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाचा सांख्यिकी विभाग आहेच. घरी राहून, थोड्या फीत, मन लावून केलेली एम.एस्सी. ही कमी प्रतीची गोष्ट नाही.

मामांच्या एमसीएला माझा सरसकट विरोध नाही. स्वतःला एक प्रश्न विचार: कोड लिहिताना तुला आनंद कशाचा होतो, एखादं ॲप चालू झालं याचा, की त्यातून निघालेला आकडा काहीतरी सांगतो याचा? पहिलं असेल तर मामा बरोबर आहेत, सीईटी दे. तुझ्या पत्राचा सूर वाचून मला दुसरंच वाटतं, पण ते तूच ठरव.

सरकारी वाटेचा तू उल्लेखही केला नाहीस, याचं नवल वाटलं. यूपीएससी भारतीय सांख्यिकी सेवेची परीक्षा घेते. वय २१ ते ३०, सांख्यिकी हा एक विषय असलेली पदवी चालते. सांख्यिकीचे चार पेपर प्रत्येकी २०० गुणांचे, इंग्रजी आणि सामान्य अध्ययन प्रत्येकी १००, मुलाखत २००. अभ्यासक्रम मात्र एम.एस्सी.च्या पातळीचा आहे. म्हणून नुसती तीच परीक्षा धरून घरी बसू नकोस, एम.एस्सी. करता करता तयारी कर, एकाच अभ्यासात दोन्ही होतात. केंद्राच्या कर्मचारी निवड आयोगाच्या, म्हणजे एसएससीच्या, सीजीएल परीक्षेतून कनिष्ठ सांख्यिकी अधिकाऱ्याची पदं भरतात. राज्यात अर्थ व सांख्यिकी संचालनालय आहे, त्याच्या जाहिरातींवर लक्ष ठेव. जागा मोजक्या असतात आणि जाहिरात कधी निघेल याचा नेम नसतो, त्यामुळे या वाटेला वर्षं किती द्यायची हे आधीच ठरवून घे.

ॲक्च्युअरी या विमा क्षेत्रातल्या व्यवसायाची प्रवेश परीक्षा आहे, एसीईटी. नोकरी करत करत पेपर देता येतात, पण ते पुष्कळ आहेत, वर्षं जातात आणि कामं बहुतेक मुंबई-गुरुग्रामकडे. आकडेमोडीत रमणाऱ्या, धीराच्या मुलींसाठी उत्तम, पण सरसकट सगळ्यांना मी ते सुचवत नाही.

राहिलं नागपूर. सगळे सांगतात त्यात तथ्य आहे: औषध कंपन्यांची जैवसांख्यिकी किंवा मोठ्या बँकांचं विश्लेषण यांतली पहिली नोकरी बहुधा पुणे, मुंबई, हैदराबाद, बंगळुरूला मिळते. पण 'काही होत नाही' हे मात्र मला मान्य नाही. मिहान आणि परसोडीच्या आयटी पार्कमधल्या कंपन्या तुला ठाऊक असतीलच. त्यापलीकडे बघ. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या डेटावर प्रक्रिया करणाऱ्या देशातल्या मोजक्या केंद्रांपैकी एक नागपुरात आहे. पर्यावरणावर संशोधन करणारी नीरी आहे, केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे, मृदा सर्वेक्षणाचा राष्ट्रीय ब्यूरो आहे, खनिजांची देशभराची आकडेवारी प्रसिद्ध करणारा भारतीय खाण ब्यूरो आहे, कोळशाच्या वेस्टर्न कोलफील्ड्स आणि मँगनीजच्या मॉइल या कंपन्यांची मुख्यालयं आहेत. संशोधन संस्थांमध्ये प्रकल्प सहायक किंवा 'यंग प्रोफेशनल' अशा तात्पुरत्या जागा निघतात. जाहिरात त्यांच्या संकेतस्थळावर येते, वर्तमानपत्रात शोधत बसू नकोस. पगार बेताचा असतो, पण तिथे खऱ्या डेटाशी गाठ पडते.

नागपूरच्या मेडिकल कॉलेजात आणि एम्समध्ये एम.डी. करणाऱ्या प्रत्येकाला प्रबंध लिहावा लागतो, आणि नमुना किती घ्यावा, कुठली चाचणी लावावी इथे पुष्कळ जण अडतात. तुझ्या सरांमार्फत जनवैद्यक विभागातल्या एखाद्या प्राध्यापकांना भेट आणि त्यांच्या देखरेखीखाली विश्लेषणात मदत करायची तयारी दाखव. सुरुवातीला पैसे मिळणार नाहीत. दुसऱ्याचा प्रबंध लिहून देण्याच्या भानगडीत मात्र पडू नकोस, पैसे दिले तरी.

आणि बाकी सगळ्याच्या जोडीनं एक काम पूर्ण कर. एकच. प्रमाणपत्रांची माळ लावण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल. पीएलएफएसचा डेटा घे, महाराष्ट्रातल्या २० ते २९ वयाच्या पदवीधर स्त्रियांत किती जणी कामावर आहेत ते काढ. मात्र त्याआधी त्याच डेटावरून सरकारी अहवालात छापलेला एखादा आकडा मिळवून दाखव. तो जुळेपर्यंत पुढे जाऊ नकोस. जुळवताना वयोगट, कामाची व्याख्या, भार यांत जे काही अडेल ते लिहून ठेव. मग स्वतःचा प्रश्न सोडव, अंदाजासोबत स्टँडर्ड एररही दे, म्हणजे तो किती इकडेतिकडे असू शकतो याचं माप, कोड गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावर ठेव आणि दोन पानांत मराठीत किंवा इंग्रजीत मांड, पण अशा भाषेत की मामांनाही समजावं. कळमन्याच्या भावांवर करायचं असेल तर ॲगमार्कनेट या सरकारी संकेतस्थळावर रोजची आवक आणि किमान, कमाल, सर्वसाधारण दर मिळतात. मुलाखतीत कुणी हे पान बघितलं तर पुढचे प्रश्न त्यावर येतील, आणि ती उत्तरं तुला घोकावी लागणार नाहीत.

घरच्यांशी बोलताना 'मला आणखी दोन वर्षं द्या' एवढंच म्हणू नकोस. ज्यांची निवृत्ती तोंडावर आहे त्यांना ते अनिश्चित वाटतं. कागदावर लिहून दाखव: कुठल्या परीक्षा, कुठल्या महिन्यात, फॉर्मचे पैसे किती, कुठे फी नाही, कुठे विद्यावेतन आहे. जूनअखेर बाहेर प्रवेश मिळाला नाही तर नागपूर विद्यापीठात एम.एस्सी. तीही घरच्या अडचणीमुळे जमण्यासारखी नसेल तर एमआयएस (कंपनीचे नेहमीचे अहवाल बनवण्याचं काम) किंवा डेटा ॲनालिस्टची मिळेल ती पहिली नोकरी, तिथे एसक्यूएल आणि एक्सेल पक्कं करायचं आणि पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षेला बसायचं. नोकरी करून एम.एस्सी.ला येणारी मुलं वर्गात मागे पडत नाहीत, उलट त्यांचे प्रश्न जास्त नेमके असतात. वडिलांनी पीएफ काढायची तयारी दाखवली ती तुझ्यावरच्या विश्वासापोटी. भावाची बारावी आणि त्यांची निवृत्ती यांचाही हिशेब त्या कागदावर त्यांच्यासोबत बसून मांड, आणि क्लासला नकार तुम्ही दोघांनी मिळून कळवा.